कंसातलं वाक्य

सोलापूरच्या एका सुनेचं पत्र आलं आहे. सासूबाई ५४ वर्षांच्या, तीसेक वर्षं विड्या वळलेल्या. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जिवावरचा धोका टळल्यावर त्यांना पुनर्वसन विभागात हलवलं आणि गेले तीन आठवडे त्या तिथेच अ‍ॅडमिट आहेत. दिवसातून दोनदा पाऊण-पाऊण तास व्यायाम असतो. पहिले आठ दिवस बरे गेले. आता सकाळी कशाबशा जातात, दुपारी ‘डोकं दुखतंय’ म्हणून टाळतात, व्यायामाच्या हॉलमध्ये रडतात, जेवण अर्धं टाकतात. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘बरं आहे’ आणि रात्र झाली की ‘घरी न्या’. थेरपिस्ट म्हणतात, पेशंटचं सहकार्य नाही. नवऱ्याचं म्हणणं, थोडी जबरदस्ती केलीच पाहिजे. नणंद म्हणते, इथं पैसे घालवण्यापेक्षा गावाकडे लेप-मालिशवाल्याकडे नेऊ. दहा दिवसांनी डिस्चार्ज आहे. घर कुंभारीच्या घरकुलात, पहिल्या मजल्यावर. घरात तेलुगू बोलतात. प्रश्न दोन आहेत: जबरदस्ती करावी की घरी न्यावं? आणि हात पहिल्यासारखा होणार नाही, हे त्यांना सांगावं का?

पत्राच्या शेवटी कंसात लिहिलंय: ‘(मध्ये एकदा त्यांनी विचारलं होतं, कार्ड बंद झालं का, पीएफचं काय? मी म्हटलं, त्याची काळजी तुम्ही करू नका.)’

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. पाच आठवड्यांत सासूबाईंनी स्वतःहून एकच काळजी बोलून दाखवली, ती विडी कारखान्यातल्या कामाच्या कार्डाची. आणि तुम्ही, अगदी मायेनं, ती तिथल्या तिथे मिटवून टाकली. तीस वर्षं विड्या वळलेल्या बाईला कार्ड म्हणजे रोजची मजुरी, पीएफ, पुढची पेन्शन आणि घरात चार शब्द बोलायचा हक्क. तुम्ही धीर द्यायला म्हणालात. पण पलंगावर पडलेल्या माणसाला ते ‘तुमचं ते काम आता संपलं’ असं ऐकू जातं. मग तो पुढचं काही विचारत नाही, ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही. जबरदस्ती काय आणि घरी नेणं काय, दोन्ही एकाच समजुतीवर उभं आहे, की सासूबाईंना व्यायामच नकोय, जिद्द संपली. असेलही. पण आठ दिवस नीट व्यायाम केलेला पेशंट टाळाटाळ करायला लागला की आधी अंग बघायचं, मग मन, आणि जिद्दीवर बोट ठेवायचं ते सगळ्यात शेवटी.

डावा खांदा दुखतो का, हे आजच बघा. लुळ्या हाताचं सगळं वजन खांद्याच्या सैल झालेल्या सांध्यावर लोंबत असतं. त्यात उठवताना कुणी तो हात धरून किंवा काखेत हात घालून ओढलं की सांधा दुखावतो, आणि मग थेरपिस्टनं हात नुसता उचलला तरी जीव कळवळतो. हे काम बहुतेक वेळा घरच्यांकडूनच होतं, मदत करायच्या घाईत. बसवताना त्यांचा डावा हात लोंबकळू देऊ नका, कोपरापासून पंजापर्यंत उशीवर ठेवा. दुखत असेल तर सत्राच्या आधी दुखण्याची गोळी देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

मग पाणी. वॉर्डात बाया पाणी पिणं सोडतात, कारण पाणी प्यायलं की बेडपॅन मागावा लागतो आणि पॅन मागायचा म्हणजे पडदा, मावशी, शेजारच्या पलंगाचे पाहुणे. सोलापूरच्या उन्हात पाण्याविना दुपारपर्यंत डोकं दुखणारच. त्यातून चक्कर आणि बद्धकोष्ठही होतं. गिळायला त्रास म्हणून पातळ पाणी बंद केलेलं नसेल, तर एक लिटरची बाटली त्यांच्या उजव्या हाताशी ठेवा आणि संध्याकाळी किती उरलं ते बघा. पॅनची वेळ त्यांनी मागायची वाट न बघता ठरवून टाका: सकाळच्या चहानंतर, प्रत्येक सत्राच्या आधी, झोपताना.

एक नाजूक गोष्ट. त्या मिश्री लावायच्या का? वॉर्डात ती एकदम सुटली की चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप उडते, पोट साफ होत नाही, आणि लाजेपोटी कुणी सांगत नाही. गुपचूप डबी आणून देऊ नका; ज्याच्या अंगावरून वारं गेलंय त्याला तंबाखू कुठल्याही रूपात नको. पण डॉक्टरांच्या कानावर घाला, ही तलफ कमी करायला औषधं मिळतात.

‘जेवण अर्धं टाकतात’ असं लिहिलंय. कुठलं अर्धं? आज ताट उचलण्याआधी नीट बघा. उजवीकडची आमटी, भात संपलाय आणि डावीकडची भाकरी तशीच, असं दिसलं तर प्रश्न भुकेचा नाही. शरीराची डावी बाजू मेंदूचा उजवा भाग चालवतो; त्याला इजा झाली की काहींना डावी बाजू असूनही जाणवत नाही. डोळे चांगले असतात, पण लक्ष तिकडे जातच नाही. असा माणूस चालताना डावीकडच्या दाराच्या चौकटीवर आपटतो, डावीकडून बोलणाऱ्याला उत्तर देत नाही, आणि घरचे म्हणतात हट्टी झाली. तसं असेल तर थेरपिस्टना मुद्दाम सांगा. जेवताना ताटाच्या डाव्या काठाला लाल चिकटपट्टी लावा आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची सवय लावा. जेवून झाल्यावर डाव्या गालात घास साठलाय का, तेही बघा. कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी सध्या नकोच; भाकरी आमटीत कुस्करून द्या. खाताना ताठ बसवा आणि नंतरही अर्धा तास तसंच बसू द्या.

रडण्याबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या धरा. वाऱ्यानंतर काहींना मनात फारसं काही नसतानाही एकदम रडू फुटतं आणि थोड्या वेळात थांबतं. तो मेंदूच्या इजेचा भाग असतो. पण दोन आठवडे सतत उदास, कशातच रस नाही, नातवंड आलं तरी तोंड फिरवतात, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. वारं गेलेल्या साधारण तिघांतल्या एकाला ते गाठतं. त्यावर इलाज आहे आणि तो केल्यावर व्यायामही सुधारतो. ‘मन घट्ट करा’ हा इलाज नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वॉर्डाच्या राउंडमध्ये हा विषय आपण काढल्याशिवाय सहसा निघत नाही.

थकवाही खोटा नसतो. सकाळचं सत्र, आंघोळ, जेवण एवढ्यात दुखावलेल्या मेंदूची दिवसभराची शक्ती संपते. दुपारचं सत्र चारला ढकलता येईल का, किंवा वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे पाडता येतील का, हे विचारायला काही पैसे पडत नाहीत.

कपड्यांचंही बघा. आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईला गाऊनवर, चारचौघांत, पुरुष थेरपिस्टसमोर पाय वर करायला लावतात तेव्हा ती ‘डोकं दुखतंय’ असंच म्हणणार. गाऊनच्या आत सैल पायजमा घाला, खांद्यावरून ओढणी घेऊन पिनेनं टाचा. बाई थेरपिस्ट असतील तर त्यांच्या वेळेत सत्र मागा.

आणि भाषा. सासूबाईंना मराठी येत असेल, पण दमलेला, घाबरलेला माणूस आईच्या भाषेत बोलतो. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे ‘पुरे’, हे तुम्हाला मी सांगायला नको. मराठी कानाला तोच शब्द ‘सुरू ठेवा’ असा ऐकू येतो. हॉलमध्ये त्या ‘चालु, चालु’ म्हणतायत आणि थेरपिस्ट बिचारे आणखी दहा वेळा पाय उचलून घेतायत, असं होत नाही ना, एकदा आत बसून बघा. तीन शब्द मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या उशापाशी चिकटवा: नोप्पि म्हणजे दुखतंय, भयं म्हणजे भीती वाटते, चालु म्हणजे पुरे.

आता विचारायचं कसं. अ‍ॅडमिट केल्या दिवशी कुणीतरी ‘तुमची अपेक्षा काय?’ असं विचारलं असेल. उत्तर कुणी दिलं, आठवून बघा. बहुतेक घरांत मुलगा सांगतो, ‘आई पहिल्यासारखी चालली पाहिजे’, आई मान डोलावते आणि कागदावर तेच चढतं. चालणं हे घरच्यांचं आवडतं ध्येय आहे, पाहुण्यांना सांगायला सोपं. बाईमाणसाला एकटीला गाठून विचारा, पुष्कळदा संडास पहिला येतो.

संध्याकाळी विचारा, नवरा नसताना. मुलासमोर आई तो शब्द उच्चारणार नाही. पडदा ओढा, त्यांच्या उजव्या बाजूला बसा आणि तेलुगूत बोला. आधी हे: ‘तुम्हाला काय झालंय असं डॉक्टर म्हणाले? तुम्हाला काय कळलं?’ इथं चकित व्हायची तयारी ठेवा. बऱ्याच पेशंटना हे पुनर्वसन म्हणजे गोळ्यांसारखा कोर्स वाटतो: महिना भरला की हात सुटणार. महिना भरत आला, हात तसाच, मग ते समजतात की औषध लागू पडलं नाही. मग पुढचं विचारा: ‘दिवसातली कुठली वेळ नकोशी वाटते?’ ‘घरी गेल्यावर कुणाला हाक न मारता काय करता आलं पाहिजे?’ ‘कशाची धास्ती वाटते?’ प्रत्येक प्रश्नानंतर मनात दहा आकडे मोजा. तुमच्या तोंडावर ‘अहो, तसं काही नाही’ येईल, ते गिळा. सगळे प्रश्न एकाच संध्याकाळी संपवायचेही नाहीत.

जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत अर्ध्या पानावर लिहा आणि थेरपिस्ट, डॉक्टर, सिस्टर यांना दाखवा. ‘सहकार्य नाही’ या शेऱ्यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘दुपारी खांदा दुखतो, गाऊनची लाज वाटते, घरी संडासला एकटीनं जायचंय’ यावर तिघांनाही लगेच काही ना काही करता येतं.

समजा संडासचंच निघालं. मग त्याचे तुकडे पाडायला सांगा: कुशीवर वळणं, पलंगाच्या कडेला बसणं, खुर्चीत जाणं, तिथून कमोडवर, कपडे एका हातानं वर-खाली करणं, उजव्या हातानं धुणं. या आठवड्यात पहिले तीन, तेही ‘एका माणसाच्या आधारानं’, असं तारखेसकट ठरवा. पलंगावरून खुर्चीत नेण्याची पद्धत डिस्चार्जआधी सिस्टर किंवा थेरपिस्टच्या देखत तुम्ही स्वतः निदान तीनदा करा, आणि नवऱ्यालाही करू द्या. खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला, जरा तिरकी, ब्रेक लावून. त्यांना कडेपर्यंत पुढे सरकवायचं, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. तुमचा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला अडसर म्हणून, तुमची पकड त्यांच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर. हातावर नाही आणि परकराच्या नाडीवर तर नाहीच. त्यांना पुढे वाकायला सांगा, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल. मागे झुकूनच उठवलं तर सगळं वजन तुमच्या कमरेवर येतं आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पेशंट.

आणि समजा ‘विड्या वळायच्यात’ असं निघालं, तर हसू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्यांना, सांगा. हॉलमधल्या खुंट्या-शंकू इकडून तिकडे ठेवण्यापेक्षा ओळखीचं काम हाताला लवकर पटतं, शिवाय त्यात सराव मनापासून होतो. चार पानं भिजवून न्या, कापायच्या मापाचा पत्रा न्या. जर्दा अजिबात नको. डाव्या हातानं पान नुसतं दाबून धरायचं, उजव्यानं कात्री. कदाचित एवढंच जमेल, कदाचित तेही नाही, पण हात काय करू शकतो आणि काय नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

इथं तुमचा दुसरा प्रश्न येतो. हात पहिल्यासारखा होणार नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? डॉक्टरांनी, की तुम्हीच धरून चाललाय? सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, पुढे मंदावतो, पण तिथं दार बंद होत नाही. पाय बहुधा हाताच्या आधी कामाला लागतो. बोटं स्वतःहून थोडी जरी उघडत असतील तर ती चांगली खूण. पाच आठवड्यांनंतरही बोटांत काहीच हालचाल नसेल, तर नाजूक काम परत येण्याची आशा कमी धरावी लागते. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा: आज बोटं स्वतःहून किती उघडतात, महिन्यानं काय अपेक्षा ठेवायची, आणि कुठली गोष्ट दिसली नाही तर अपेक्षा बदलायची. उत्तर ऐकताना सासूबाई समोर असू द्या. डॉक्टर दाराबाहेर मुलाला हळूच सांगतात आणि मुलगा आत येऊन ‘सगळं नीट होणार’ म्हणतो, या प्रकाराला पेशंट फसत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की आता आपल्याशी कुणी खरं बोलत नाही.

बोलायचं तर असं काहीसं: ‘अत्तम्मा, हाताचं आत्ता कुणालाच नक्की सांगता येत नाही. जोर लावायचे दिवस हेच आहेत. हात पूर्ण सुटला तर चांगलंच. नाही सुटला तरी एका हातानं कपडे घालायचे, जेवायचं, संडासला जायचं, हे इथून शिकूनच घरी जाऊ.’ आणि त्या आधी कार्डाचं. युनियनच्या ऑफिसात किंवा कारखान्यात जाऊन विचारून या: आजारपणाची नोंद कशी करायची, कुठली कागदपत्रं लागतात, पीएफ आणि पेन्शनचं नेमकं काय होतं. उत्तर वाईट असलं तरी येऊन सांगा.

नणंदेशी भांडू नका. तिलाही आईचं बरंच व्हायला हवंय आणि इतक्या दिवसांत काही दिसत नाही, हे तिचं दुखणं आहे. पण हे तिला सांगा: सैल खांद्यावर जोरात मालिश केली तर सांधा आणखी बिघडतो. पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीत रक्ताची गाठ असू शकते, ती रगडली तर जिवावर बेतू शकतं. आणि बीपीची, रक्त पातळ करणारी गोळी लेपवाल्याच्या सांगण्यावरून बंद केली तर दुसऱ्यांदा वारं जायचा धोका वाढतो. घरी गेल्यावर डॉक्टरांना विचारून हाताला हलकं तेल लावायला कुणाची हरकत नसावी. लेकीचा हात लागला की आईला बरंच वाटतं. ते काम नणंदेकडेच द्या. अचानक नवी कमजोरी आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर मात्र कुणाशी चर्चा न करता १०८.

खर्चाची चिंताही त्यांच्या ‘घरी न्या’मध्ये असू शकते. बिल किती झालं, हे बाया विचारत नाहीत, मनातल्या मनात मोजतात. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेची माहिती द्यायला नेमलेला माणूस) समजून घ्या आणि खरा आकडा त्यांना सांगा. मनातला आकडा बहुधा त्याहून मोठा असतो. दिव्यांग प्रमाणपत्राची घाई आत्ता नको, मेंदूच्या आजारात त्याची तपासणी सहसा सहा महिन्यांनंतर होते. तुम्ही स्वतः तीन आठवडे वॉर्डात खुर्चीवर झोपताय, तेही लक्षात असू द्या. आठवड्यातल्या दोन रात्री नवऱ्यानं थांबावं. फारच जड झालं तर मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिलं घर. दहा दिवस हातात आहेत, तेवढ्यात पलंगाची उंची बघा: कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणजे गादीसकट साधारण दीड फूट. दाराची रुंदी मोजा, कारण चाकाच्या खुर्चीला २५-२६ इंच लागतात आणि संडासचं दार पुष्कळदा तेवढं नसतं. मग संडाससाठी वेगळी, मधे भोक असलेली खुर्ची आणावी लागेल. सगळ्या मापांचे आणि जिन्याचे फोटो थेरपिस्टना दाखवा.

हे मोजमापाचं काम नवऱ्याला द्या, जबरदस्ती करण्यापेक्षा कामी येईल. जिन्याला कठडा कुठल्या बाजूला आहे, ते त्यांना आजच बघायला सांगा. चढताना तो उजवीकडे असेल तर वर जाताना सासूबाईंचा चांगला हात त्यावर राहील, पण उतरताना तोच कठडा डावीकडे येतो आणि डाव्या हातात तर पकड नाही. त्यावर दोन उपाय: दुसऱ्या बाजूला पाइप बसवून घ्यायचा, किंवा उलटं, पाठीमागे उतरायचं. उजवा हात कठड्यावर, डावा पाय आधी खाली, मग उजवा, आणि एक माणूस कायम त्यांच्या खालच्या पायरीवर. हे दवाखान्यातल्या जिन्यावर थेरपिस्टकडून शिकून, चार वेळा करूनच निघा. वर चढताना चांगला पाय आधी.